दोन एमएमची पन्हळी शीट: रिमोटवरच्या कसरतीच्या छोट्या विमानासाठी

सांगलीच्या गणपती पेठेत जाहिरातीचे बोर्ड करणाऱ्याकडून ही पॉलिप्रॉपिलीनची शीट आणली. त्याने आधी चार एमएमची पुढे केली. ती घेऊ नका. बोर्डाला ठीक, पण कसरती करणाऱ्या विमानाला फार जड. दोनचीच मागा.

शीटच्या पन्हळी पंखाच्या लांबीला धरून ठेवल्या की पंख लवत नाही. आणि एलेरॉनला, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीला, वेगळी बिजागरी लागतच नाही! पन्हळीच्या रेघेत वरचा एकच पापुद्रा कापायचा, खालचा बिजागरीचं काम करतो. पुन्हा पुन्हा हलवा, सहजी तुटत नाही. मला सगळ्यात आवडलं ते हेच.

चिकटवताना मात्र जीव मेटाकुटीला आला. झटपट गोंद दुसऱ्याच दिवशी सुटला. शेवटी पॉलिश पेपरने खरवडलं, स्पिरिटने पुसलं, मग हॉट ग्लूने धरलं.

मीटरभर पंख, २२१२ मापाची मोटर, तीन सेलची बॅटरी, सगळं मिळून ८५० ग्रॅम. थर्माकोलच्या विमानापेक्षा जडच, म्हणून लूपआधी, म्हणजे हवेत उभा गोल मारण्याआधी, वेग घ्यावा लागतो. रोल, म्हणजे कुशीवर गिरक्या, झकास होतात. हरिपूरकडच्या ऊस तुटलेल्या रानात दोनदा नाकावर आपटलं. प्रॉपेलर गेला, धडाला साधी चीरही नाही. थर्माकोलचं असतं तर पोतं भरून आणलं असतं.