औरंगपुऱ्यातील अभ्यासिका एमबीएवाल्यांच्या कितपत कामाची?

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुरा भागात स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारांसाठी चालणाऱ्या अभ्यासिकांपैकी एकीत मी एमबीएच्या दुसऱ्या सत्रापासून बसत आहे. जागा स्वच्छ आहे, उन्हाळ्यात कूलर चालू असतो, वीज गेल्यास इन्व्हर्टर आहे आणि पिण्याच्या पाण्याचे जार वेळेवर येतात. या शहराचा पाणीपुरवठा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही शेवटची बाब किरकोळ वाटणार नाही.

पासचे दोन प्रकार आहेत, पूर्ण दिवसाचा आणि अर्ध्या दिवसाचा, आणि व्यवस्थापक नव्या माणसाला पहिलाच सुचवतात. एमपीएससी करणाऱ्याला तो योग्य असेल, परंतु एमबीएच्या विद्यार्थ्याने तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका श्रेयांकामागे (क्रेडिटमागे) अभ्यासाचे ३० तास धरलेले आहेत, म्हणजे ४ श्रेयांकांच्या विषयाला १२० तास होतात. त्यांतील साधारण निम्मे वर्गातच जातात आणि उरलेल्यांत असाइनमेंट, प्रेझेंटेशन व परीक्षेची तयारी बसवावी लागते; एवढ्यासाठी रोज पूर्ण दिवस येथे बसण्याची गरज नाही. हे तास सर्व विषयांना सारखे वाटण्यात अर्थ नाही. वित्तीय व्यवस्थापनातील एनपीव्हीची (गुंतवणुकीच्या निव्वळ वर्तमान मूल्याची) उदाहरणे किंवा ऑपरेशन्स रिसर्चमधील वाहतुकीची गणिते स्वतः सोडवल्याशिवाय अंगवळणी पडत नाहीत आणि त्यासाठी येथील शांतता अत्यंत उपयोगी आहे. संघटनात्मक वर्तनाची टिपणे मात्र सिटी बसमध्येही वाचून होतात.

केस स्टडीसाठी ही जागा निरुपयोगी आहे, कारण बोलण्यास सक्त मनाई असल्याने गटाला चर्चेसाठी खालच्या चहाच्या टपरीवर जावे लागते.

शेजारचा उमेदवार उठत नाही म्हणून आपणही बसून राहायचे, हा येथील वातावरणाचा खरा धोका आहे; त्यात येत असलेलीच गणिते पुन्हा सोडवली जातात आणि प्लेसमेंटसाठीची अ‍ॅप्टिट्यूड चाचणीची व मुलाखतीची तयारी तशीच राहते. वाळूजच्या कंपन्यांतून पहिली पाळी संपवून येणाऱ्यांना संध्याकाळचा अर्धा पास सोयीचा पडेल, मात्र त्यात जागा ठरलेली नसल्याने परीक्षेच्या दिवसांत पंख्याखालची खुर्ची मिळणे कठीण होते.

उन्हाळी प्रकल्पाच्या काळात पास स्थगित ठेवण्याची सोय नाही, त्यामुळे इंटर्नशिपसाठी पुण्याला जाणाऱ्यांनी सवलतीच्या मोहाने तीन महिन्यांचे शुल्क आगाऊ भरू नये.