इम्युनोथेरपी सुरू होतेय: भाकरी, कॅप्सूल की प्रत्यारोपण?

घरात कुणाची इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध लढायला लावणारे उपचार) ठरली की प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवंत जीवाणूंच्या, कॅप्सूलची चौकशी सुरू होतेच. त्यामागचा विचार निराधार नाही. पीडी-१ हा प्रतिकारक पेशींवरचा ब्रेक रोखणारी इम्युनोथेरपीची औषधं ज्यांना लागू पडतात आणि ज्यांना पडत नाहीत, त्यांच्या आतड्यातले जीवाणू वेगळे असतात, हे २०१८ साली पॅरिस, ह्यूस्टन आणि शिकागोच्या संशोधकांनी दाखवलं. औषध लागू पडलेल्या रुग्णांची विष्ठा जंतुविरहित उंदरांना दिली, तेव्हा त्या उंदरांवरही औषध अधिक चांगलं चाललं. मग हे उपयोगी जीवाणू पोटात वाढवायचे कसे?

आधी कॅप्सूलचं बघू, कारण सगळ्यांत जास्त खप तिचाच आहे. २०२१ च्या एका अभ्यासात मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) १२८ रुग्णांचा आहार तपासला. रोज किमान २० ग्रॅम फायबर (अन्नातले तंतुमय पदार्थ) खाणाऱ्या आणि प्रोबायोटिक न घेणाऱ्या रुग्णांचा आजार सर्वाधिक काळ आटोक्यात राहिला. उंदरांमध्ये तर प्रोबायोटिकमुळे औषधाचा परिणाम घटला. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. मूत्रपिंडाच्या कर्करोगात सीबीएम५८८ हा ठरावीक जीवाणू इम्युनोथेरपीसोबत दिला, तेव्हा आजार न वाढण्याचा काळ २.५ महिन्यांवरून १२.७ महिन्यांवर गेला. पण रुग्ण होते जेमतेम ३०, आणि दुकानातली कुठलीही कॅप्सूल म्हणजे सीबीएम५८८ नव्हे.

विष्ठा-प्रत्यारोपणाचे, म्हणजे दात्याच्या विष्ठेतले जीवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचे, आकडे खरोखर आशा वाढवणारे आहेत. ज्यांच्यावर औषध आधी निष्फळ ठरलं होतं अशा मेलानोमा रुग्णांपैकी पिट्सबर्गमध्ये १५ पैकी ६ जणांना, तर इस्रायलमध्ये १० पैकी ३ जणांना फायदा झाला. धोकाही तितकाच खरा आहे. दात्याच्या विष्ठेतून आलेल्या, अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या ई. कोलाय जीवाणूमुळे अमेरिकेत एक रुग्ण दगावला आणि २०१९ मध्ये तिथल्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, इशारा दिला. त्यामुळे हा मार्ग फक्त अधिकृत चाचणीत सहभागी होता आलं तरच.

माझा कौल आहाराला. त्याच २०२१ च्या अभ्यासात रोजच्या दर ५ ग्रॅम जादा फायबरमागे आजार वाढण्याचा किंवा मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्के कमी दिसला. फायबर खाणारे रुग्ण मुळातच जास्त धडधाकट असू शकतात, म्हणून हा आकडा हमी समजू नये. पण ५ ग्रॅम म्हणजे किती? ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम फायबर असतं, म्हणजे ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी. बाजरी आणि नाचणी त्याहून थोडी सरस, पांढरा तांदूळ फार मागे. दोन भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ, एखादी पालेभाजी आणि एक पेरू एवढ्यात २० ग्रॅम सहज होतात.

आतड्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, आतडं कुठे अरुंद झालं असेल किंवा उपचारामुळे जुलाब लागले असतील, तर मात्र आधी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ, मग भाकरी. पांढऱ्या पेशी खाली आल्या असतील तेव्हा कच्ची कोशिंबीर आणि घरचं दहीही त्यांना विचारूनच. एरवी वरचा अभ्यास वाचून जेवणातलं ताक बंद करायचं कारण नाही, तो प्रोबायोटिकच्या गोळ्या-कॅप्सूलबद्दल होता.

उपचार सुरू होण्याच्या आसपास अँटिबायोटिक घेतलेल्यांमध्ये इम्युनोथेरपीचा परिणाम कमी दिसल्याचं अनेक अभ्यासांत आलंय. म्हणून साध्या सर्दीला स्वतःहून गोळ्या घेऊ नका. डॉक्टरांनी जंतुसंसर्गासाठी दिलेलं अँटिबायोटिक मात्र चुकवायचं नाही, कारण त्या क्षणी जिवाला मोठा धोका संसर्गाचा असतो.