शंभर लिटरचा डीप फ्रीझर: भुसावळच्या आमच्या घरात वर्षभर

हे रेल्वेत लोको पायलट. जेवायला कधी दुपारी तीनला येतात, कधी रात्री दोनला. माझी सकाळची शाळा. म्हणून गेल्या दिवाळीत वरून उघडणारा डीप फ्रीझर घेतला. चौघांना शंभर लिटर पुरतो.

आपल्या स्वयंपाकात खरा वेळ खातं ते वाटण. रविवारी दोन किलो कांदा आणि सुकं खोबरं भाजते, लसूण-आलं घालून वाटते, काळा मसाला टाकून तेल सुटेपर्यंत परतते. गार झालं की एका वेळेपुरतं पिशवीत भरायचं आणि पिशवी पाटीसारखी चपटी करून आडवी ठेवायची. गोळा करून ठेवलं तर गोठायलाही वेळ, सुटायलाही. रात्री हे आले की गोठलेली वडी सरळ कढईत, वर उकळतं पाणी. पंधरा मिनिटांत शेवभाजीचा तर्रीदार रस्सा! शेव मात्र ताटात वाढतानाच घालायची, आधी घातली तर लगदा होतो.

जानेवारीत बामणोदची दहा किलो वांगी शेतात पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, भाजून आणली. सोलून, ठेचून, फोडणी न देता गोठवली. मे महिन्यात एक डबा काढला, सुटलेलं पाणी निथळलं, मिरची-लसूण-शेंगदाण्याची फोडणी दिली आणि घरभर तोच धुराचा वास. कांद्याची पात नव्हती, तेवढीच उणीव. सासूबाईंनी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) दुसरी भाकरी मागून घेतली.

बटाट्याची भाजी गोठवू नका, भुसभुशीत होते. डबा काठोकाठ भरू नका. पाणी गोठताना फुगतं, माझी काचेची बरणी तडकली. एकदा पूर्ण सुटलेलं अन्न मी परत आत ठेवत नाही.

मे महिन्यातच एकदा आठ तास लाईट नव्हती. बाहेर पंचेचाळीस अंश. झाकण उघडलंच नाही, आणि आतलं सगळं दगडासारखं राहिलं. खच्चून भरलेला फ्रीझर गारवा जास्त धरतो, हे तेव्हा पटलं.

तक्रार एकच, पण मोठी. झाकणाचं रबर सुरुवातीपासून दुमडलेलं होतं, कडेला बर्फाचा थर साचायचा. दुरुस्तीचा माणूस अकराव्या दिवशी आला. घरी आल्याबरोबर झाकणात कागद धरून ओढून बघा, सहज निघाला तर लगेच बदलून मागा. आणि जाळीची दुसरी टोपली दुकानातच घ्या. सोबत एकच येते, तळाची पिशवी काढायला सगळा माल बाहेर काढावा लागतो.