हर्णै बंदराजवळची खानावळ: जवळा उत्तम, सोलकढी पाणीदार

दापोली आगारात तेवीस वर्षं एसटी चालवली, त्यामुळे हर्णैच्या उतारावरची ही पत्र्याची खानावळ पहिल्यापासून ओळखीची. परवा भर पावसात गेलो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा सुरमई मागूच नका, मिळालीच तर बर्फातली. जवळ्याचं सुकं आणि तांदळाची भाकरी घ्या. आंबट किंचित जास्त, पण कांदा नीट परतलेला. सोलकढी मात्र नुसतं गुलाबी पाणी. काकींना तोंडावर सांगितलं, त्यांनी पंखा वाढवला.

बंदीच्या दिवसांत जाळी शिवून झाली की तांडेल, म्हणजे मासेमारी बोटींचे म्होरके, इथे येऊन बसतात, समोर टीव्ही. त्या दिवशी विषय पाकिस्तान. पांढऱ्या शर्टातले एक भाऊ सगळंच तोडायला निघालेले: व्यापार, क्रिकेट, सिंधूचं पाणी. (१९६० चा तो करार पहलगामनंतर, एप्रिल २०२५ मध्ये स्थगित झालाच आहे. यांच्या वाडीत दर एप्रिलला टँकर येतो, ते वेगळं.) क्रिकेटचं निघाल्यावर काकी कढईवरूनच म्हणाल्या, “सप्टेंबरात दुबईची फायनल बघताना माझ्या दोन खुर्च्या अडवून कोण बसलं होतं?”

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या तांडेलाने पोरबंदरच्या बोटींवर काही हंगाम काढलेत. “ठोका की, कोण नाय म्हणतो? मुंबईवर आले ते पोरबंदरचीच बोट धरून आले,” म्हणाला. मग यादीवर आला. २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. डहाणू-तलासरीचे खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात. इंजिन बंद पडलं की पाणी ओढून नेतं, मग कराचीचा तुरुंग, आणि सुटका वाघा सीमेवरून. “दर्यातून गेलेला पंजाबातून येतो. बोट तर येतच नाय, मालकाचे हप्ते चालूच.”

“मग करायचं काय?” भाऊंचा आवाज जरा उतरला होता.

“काय ते करा. यादीची तारीख तेवढी चुकवू नका.”

मला हे माहीत नव्हतं, घरी येऊन पाहिलं: मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर झालं, तरी त्याच १ जुलैला याद्या गेल्या होत्या.

दुसरा चहा दोनदा मागावा लागला. पावसात रेंज नसते, यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका, सुटे न्या.