धुण्यातले तंतू: गाळणी की जाळीची पिशवी?

पॉलिस्टर, नायलॉन किंवा ॲक्रिलिकचे कपडे धुताना सुटणारे, ५ मिलिमीटरहून लहान तंतू सांडपाण्यावाटे नद्यांत पोहोचतात. ते घरातच अडवण्यासाठी वॉशिंग मशीनच्या सांडपाण्याच्या नळीला गाळणी जोडता येते किंवा कपडे बारीक जाळीच्या पिशवीत घालून धुता येतात. पिशवी स्वस्त असते, तिला जोडणी लागत नाही आणि कपड्यांचे घर्षणही ती थोडे कमी करते. परंतु तिच्यात मावतील तेवढ्याच कपड्यांचे तंतू अडतात. गाळणी महाग असते आणि वेळेवर साफ न केल्यास तुंबते, तरीही प्रत्येक धुण्याचे सगळे पाणी तिच्यातून जात असल्याने माझा कल तिच्याकडेच आहे. अडकलेला लगदा मात्र नळाखाली धुऊ नये (मग सारा खटाटोप अक्षरशः पाण्यातच!), तो वाळवून कचऱ्यात टाकावा.