नर्सरीची फुलझाडं, पंधरा महिन्यांनंतर: मुळांभोवतीच्या लाल मातीच्या गोळ्याबद्दल आधी सांगतो

मागच्या आषाढात तालुक्याच्या एका नर्सरीतून १,९२० रुपयांची झाडं आणली होती. ८० च्या भावाने बारा एक्झोरा (लाल फुलांच्या गुच्छांचं झुडूप), १०० ची तीन जास्वंद, १५० च्या दोन बोगनवेली, ६० चे चार टिकोमा आणि ६० चेच दोन मोगरे. सांदवाडीच्या (घरामागच्या मोकळ्या जागेच्या) कडेने एक्झोराची लाल ओळ धरायची, एवढाच बेत. जमीन आमची भारी काळी, खाली चुनखडी. गाव वरुडकडचं, आजूबाजूला सगळा संत्रा.

यंदाच्या मे महिन्यात आठ दिवसांत नऊ एक्झोरा वाळले. पाणी चुकलं असतं तर मी गप्प बसलो असतो. विहीर तळाला गेलेली, संत्र्याची झाडं कशीबशी जगवत होतो, तरी रोज संध्याकाळी दोन झाडांत एक बादली जात होती. शेवटी सब्बल (पहार) घेऊन एक झाड मुळासकट काढलं. भोवतीची काळी माती ओली, बोटांना चिकटणारी. मधोमध मात्र नारळाएवढा लाल मातीचा गोळा, पिशवीतून काढला तेव्हा होता तसाच. सब्बल मारली तर विटेवर मारल्यासारखा आवाज आला. फुटल्यावर आतून कोरडी भुकटी निघाली. मुळं आतल्या आत गोल फिरलेली. दहा महिन्यांत मोजून दोन मुळं काळ्या मातीत शिरली होती.

तो फुटका गोळा पिशवीत घालून मी नर्सरीत गेलो. मालक बघायलाच तयार नाही. "भाऊ, पाणी कमी पडलं असन तुमचं." मी गोळा टेबलावर ठेवला, वर तांब्याभर पाणी ओतलं. सगळं पाणी कडेने ओघळून त्याच्या पावतीबुकापर्यंत गेलं, गोळा वरून तेवढा काळपट झाला. नखाने खरवडलं तर आत कोरडाच. "झाडाची काही गॅरंटी नसते," एवढंच त्याचं उत्तर. पैसे नकोच होते मला. झाड विकताना हा गोळा आधी भिजवा, एवढं एक वाक्य सांगायला काय जात होतं? १५ किलोमीटर जाऊन-येऊन पेट्रोलही माझंच जळलं.

आपल्याकडे ही रोपं बहुतेक आंध्रातून ट्रकने येतात. राजमहेंद्रीजवळचा कडियमचा भाग रोपवाटिकांसाठी देशभर माहीत आहे. लांबच्या प्रवासात मुळं उघडी पडू नयेत म्हणून चिकट लाल मातीचा गोळा घट्ट बांधतात, त्यात त्या लोकांची चूक नाही. घोटाळा आपल्या जमिनीत होतो. काळी माती पाण्याने फुगते, उन्हात आकसते. मेमध्ये आमच्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो. लाल गोळा एकदा सुकला की पाणी घेत नाही, भोवतीची काळी माती सगळं पिऊन टाकते. वरून बघणाऱ्याला जमीन ओली दिसते आणि झाड तहानेने मरतं.

म्हणून उरलेल्या झाडांचं यंदा पहिल्या पावसात असं केलं. गोळ्यासकट काढून बादलीत बुडवलं, बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे तासभर. मग बाहेरची लाल माती बोटांनी सोडवली, गोल फिरलेली मुळं मोकळी केली. खड्डा खोल न करता रुंद केला आणि झाड जमिनीपेक्षा वीतभर उंच मातीच्या ढिगावर बसवलं. भारी जमिनीत खोल खड्डा करून मुरूम भरला तर श्रावणात त्याची विहीर होते आणि मुळं सडतात. वरून सोयाबीनचं कुटार (भुसा) चार बोटं, खोडापासून जरा लांब.

इथपर्यंतचं जुलैत लिहून ठेवलं होतं. आता ऑक्टोबर आहे आणि त्यातल्या दोन गोष्टी मला बदलाव्या लागताहेत.

एक, बोगनवेलीचा गोळा सोडवू नका. तिला मुळं हलवलेली चालत नाहीत. दोनपैकी एक मी अशीच घालवली, १५० रुपये गेले. दुसरीला हात लावला नाही, ती टिकली. तिच्यासाठी पिशवी फक्त उभी चिरायची, गोळा अख्खाच ढिगावर ठेवायचा आणि पहिला उन्हाळाभर पाणी थेट गोळ्यावर, थेंब थेंब.

दुसरी गोष्ट एक्झोराची. उरलेल्या तिन्ही झाडांचे गोळे नीट सोडवले, मुळं आता पसरली असणार, तरी नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. संत्रावाल्याला हे चित्र सांगावं लागत नाही. चुनखडीत लोह असूनही झाडाला मिळत नाही, आणि एक्झोराला तर आंबट माती लागते. फेरस सल्फेट फवारलं की थोडे दिवस हिरवळ येते, बुडात टाकलं तर चुना ते बांधून टाकतो. म्हणजे गोळा नसता तरी हे झाड माझ्या जमिनीत रडतच राहिलं असतं. तेव्हा मी सगळा दोष गोळ्यावर टाकला, तो पूर्ण खरा नव्हता. पण ती नऊ झाडं गोळ्यानेच मारली, हे माझं मत कायम आहे.

बाकीच्यांचं थोडक्यात. टिकोमा चारही जिवंत, भर उन्हात पिवळे घोस; शेंगा धरल्या की छाटा, नाहीतर फुलं कमी होतात आणि बी सगळीकडे उगवतं. मोगरे ठीक. मोठ्या फुलाच्या संकरित जास्वंदीवर सप्टेंबरात मिलीबग (पिठ्या ढेकूण) बसला. जास्वंद आणि पराटी (कपाशी) एकाच कुळातल्या, शेजारच्या पराटीतूनच आला असावा. बांधावरचं गाजरगवत आधी उपटा, तोही त्याचा आसरा आहे. आमच्या गावठी लाल जास्वंदीवर मात्र तुरळकच दिसला.

आई पहिल्या दिवसापासून म्हणत होती, "काहून आणतं बाप्पा बाहेरचं? आपल्या घरी तगर हाय, कण्हेर हाय. फांदी खोचली का लागते." यंदा वाळलेल्या नऊ जागी तिने आषाढात तगरीच्या वीतभर फांद्या खोचल्या. आठ लागल्या. कसला गोळा नाही, मूळ फुटलं ते थेट काळ्या मातीतच. गेल्या आठवड्यात दोघींवर पांढरी फुलं आली, रोपं अजून गुडघ्याएवढीही नाहीत.

रस्त्याच्या बाजूला गुलाबी कण्हेर लावली आहे, तीही फांदीचीच. बकऱ्या तिला तोंड लावत नाहीत. पण ती विषारी आहे, छाटलेल्या फांद्या गोठ्याकडे टाकू नका. वाळल्या तरी विष जात नाही.

टिकलेल्या बोगनवेलीचं पाणी आता दिवाळीपासून तोडणार आहे. संत्र्याला बहारासाठी ताण देतो तसाच हिलाही. पहिल्या वर्षी मी लाडाने रोज पाणी घातलं, तर नुसती पानं आणि काटे.