बोटांचे ठसे घ्यायचं किट: पावडर झकास, ब्रश भंगार

भाचीच्या दहाव्या वाढदिवसाला ६५० रुपयांना घेतलं. पावडर खरंच चांगली आहे. स्टीलच्या पेल्यावर हलक्या हाताने फिरवली की बोटांच्या घामा-तेलाला धरते आणि रेघा दिसू लागतात. चिकटपट्टीने उचलून कार्डावर लावलं, तर आईचं चक्र आणि दादाचा शंख लगेच ओळखू आले. लाडवांच्या डब्यावरचा चोर दहा मिनिटांत सापडला. (मीच होते.)

ब्रश मात्र इतका राठ की ठसाच पुसतो. शेवटी माझा मेकअपचा जुना ब्रश काढला. माठावर काहीच उमटलं नाही.

पुस्तिकेत ठशांच्या वर्गवारीचं सगळं श्रेय इंग्रज पोलीस अधिकारी हेन्रीसाहेबाला. ती वर्गवारी बसवणारे, त्याच्याच हाताखालचे कलकत्त्याचे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस गायब! जलपाईगुडीच्या चहामळ्याचा १८९८ चा खटला तरी द्यायचा: मॅनेजरचा खून, पंचांगावर रक्ताळलेला अंगठा, आणि ठसा जुळला आधी चोरीत शिक्षा झालेल्या नोकराशी. कोर्टाने तरीही शिक्षा दिली ती चोरीचीच, खुनाची नाही. भाचीने ही गोष्ट तीनदा सांगायला लावली.

आणि हो, फरशीवर सांडलेली काळी पावडर ओल्या फडक्याने पुसू नका, पसरते.